अनोळखी ट्रॅकवर जाताना सोबत घाट न्यावा

ताम्हिणीत तुम्हाला कुणी मागे टाकत नाही, हे आम्हाला मान्य आहे. दर रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघायचं, मुळशीला चहा, मग घाट, आणि खाली उतरल्यावर हेल्मेट काढता काढता "आज जरा हळूच होतो" म्हणायचं, हेही आम्ही कित्येकदा ऐकलंय. आता तुम्ही खऱ्याखुऱ्या मोटरसायकल रेसमध्ये नाव घातलंय म्हटल्यावर चार गोष्टी सांगणं आमचं कर्तव्यच आहे. सांगणाऱ्याचा निकाल विचारू नका. तो एकदा जाऊन आलाय आणि तेव्हापासून सल्ले देतोय, एवढं पुरे.

रेस मद्रासला. म्हणजे अगदी शहरात नव्हे, अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला. (हे नाव नीट म्हणता येईपर्यंत टेम्पो होसूर ओलांडतो.) ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, वळणं बारा. हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, पण जुनी मंडळी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, म्हणजे वीस वर्षांचं येणं-जाणं असल्यासारखं वाटेल. ट्रॅक ज्यांचा, तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. हा ट्रॅक होण्याआधी ही मंडळी शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती भरवायची. वाकडा रस्ता मिळवायला त्यांना एवढी वर्षं लागली. आपल्याकडे ते काम सह्याद्रीनं परस्पर करून ठेवलंय. तेव्हा अनुभवी कोण, हे तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट, ट्रॅकचा अभ्यास करू नका. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची सर्वांत मोठी जागतिक स्पर्धा आली, तेव्हा त्यातल्या सगळ्यांनाच तो ट्रॅक मोटोजीपीच्या गाडीवर नवा होता. असा नवा ट्रॅक आला की ही मंडळी आधी त्यावरून चालत जातात, स्कूटरवरून रमतगमत फिरतात, वळणावर उकिडवं बसून डांबराला हात लावून बघतात. शुक्रवारी सराव सुरू होतो, रविवारी रेस. तिथं इटलीचा बेझेकी जिंकला. उकाडा एवढा, की मुख्य रेसच्या फेऱ्या चोवीसवरून एकवीस कराव्या लागल्या. ज्यांना पोटासाठी गाडी चालवावी लागते, त्यांच्या नशिबी हे असं ऊन आणि पायपीट. तुम्ही हौशी आहात. तुम्ही व्हिडिओ बघा, तोही झोपायच्या आधी, दीडपट वेगानं. कॅमेऱ्यात सगळी वळणं सारखीच दिसतात, रस्ता असतो त्याहून रुंद वाटतो आणि खड्डे-उंचवटे तर दिसतच नाहीत, त्यामुळे झोप छान लागते.

वाचलेला वेळ महत्त्वाच्या कामाला द्या. टायरच्या दोन्ही कडांना जी न झिजलेली कोरी पट्टी राहते, तिला जाणकार चिकन स्ट्रिप म्हणतात आणि गाडी पार्क केली की आधी तिच्याकडेच बघतात. साठ नंबरच्या पॉलिशपेपरनं अर्ध्या तासात ती जाते. वळणात गुडघा रस्त्याला घासतो म्हणून त्याला लावायचे स्लायडरही कोरेकरकरीत घेऊन जाऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओणवं होऊन फरशीवर घासा. वॉचमन विचारेल. विचारू दे.

मग नंबर. तुम्हाला ४६ हवा, हे ओघानं आलंच. जगज्जेत्या व्हॅलेंटिनो रॉसीचा हा नंबर मोटोजीपीनं २०२२ साली इटलीतल्या मुजेल्लोच्या ट्रॅकवर कायमचा काढून ठेवला, म्हणजे तो तिथून सुटून आपल्या गल्लोगल्ली आला. मात्र एंट्रीच्या टेबलावर कळतं, की तुमच्याआधी आणखी कुणीतरी रॉसी येऊन गेलाय. घाबरू नका. काळी इन्सुलेशन टेप काढायची, चार बोटं लांबीचा तुकडा दातानं तोडायचा आणि ४६ च्या डावीकडे उभा चिकटवायचा. झाले १४६. ज्याचं मन शुद्ध आहे, त्याला त्यातलं ४६ च दिसतं.

प्रवासाबद्दल एक बरं आहे, रस्ता चुकायची सोय नाही. पुण्याहून साताऱ्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकच्या दारावरून चेन्नईत शिरतो. हजारावर किलोमीटर आहे. टेम्पोत मागे गाडी, पुढे ड्रायव्हर, मित्र आणि तुम्ही. खंबाटकी चढताना प्रत्येक वळणाला "हे मी ऐंशीनं घेतो" हे सांगायला विसरू नका. ड्रायव्हर काही बोलणार नाही. त्यानं ते वळण भरलेल्या ट्रकनं, रात्री, पावसात घेतलेलं असतं.

ट्रॅकवर पोहोचलात की गाडीची तपासणी होते, तिला स्क्रूटिनी म्हणतात. गाडी चाकणला जन्मली, पुण्यात पासिंग झालं, पीयूसी आहे, असं सांगून बघा. टेबलामागचा माणूस मान डोलावतो आणि आरसे काढायला लावतो. मग इंडिकेटर, हेडलाइट, नंबरप्लेट. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार ओवलीय का, ते बोट घालून बघतो, कारण तो बोल्ट सैल होऊन तेल सांडलं तर मागच्या सगळ्यांचीच वाट लागते. रेडिएटरमधलं महागाचं कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतो, कारण पाणी सांडलं तर वाळतं आणि कूलंट निसरडं बसून राहतं. इथं वाद घालाच. "आमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलंय" हे वाक्य तिथं दिवसातून वीसदा बोललं जातं, तुमचं एकविसावं. शेवटी साइड स्टँडही काढायला लावतात. चाक उचलून गाडी उभी ठेवणारा पॅडॉक स्टँड तुम्ही आणलेला नसतो. मग मित्र गाडी धरून उभा राहतो, दोन दिवस. मित्र त्याचसाठी आणायचा असतो.

टायरमधल्या हवेचं मनावर घेऊ नका. बाकीचे लोक सकाळी थंड टायरमध्ये मोजून हवा कमी करतात, फेऱ्या मारून आले की हेल्मेट काढायच्या आधी परत मोजतात, कारण टायर तापला की चार-पाच पीएसआय सहज वाढतात, आणि मग वहीत काहीतरी लिहितात. वहीत! तुम्ही होसूरच्या पंपावर भरलीय, चेन कव्हरवरच्या स्टिकरबरहुकूम. विषय संपला.

नंतर रायडर्स ब्रीफिंग, म्हणजे सगळ्यांना एका खोलीत बसवून झेंडे समजावतात. हा वेळ फोटो टाकायला उत्तम. तरी जाता जाता सांगून ठेवतो. पिवळा झेंडा म्हणजे पुढं कुणीतरी पडलंय, इथं ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा जोरात कुणीतरी येतंय, त्याला जाऊ द्या. तुम्हाला हा बराच दिसेल. ते आपलं स्वागत समजा. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी आहे. पण तुम्ही निपाणीपासून होसूरपर्यंत पिवळे-तांबडेच झेंडे बघत आलायत, त्यामुळे हा कर्नाटक राज्योत्सवाचा असेल असं वाटून सोडून देणं अगदी स्वाभाविक आहे. इथले पट्टे उभे असतात एवढाच काय तो फरक. तो तुम्हाला कळेल, पण आडवं झाल्यावर.

आता प्रत्यक्ष ट्रॅक. घाटानं जे शिकवलं ते इथं पणाला लावायचं. घाटात समोरून एसटी येते म्हणून आपण अर्ध्याच रस्त्यावर जगतो. इथं समोरून कुणीही येत नाही, सगळा रस्ता तुमचा आहे. वळणाआधी एका टोकाला जायचं, मग आतल्या कडेला टेकायचं, मग दुसऱ्या टोकाला सुटायचं, असं केलं की वळण सरळ होतं म्हणे. तुम्ही मधूनच जा. इमानेइतबारे आपली डावी बाजू सांभाळा. आंधळ्या वळणाआधी डावा अंगठा आपोआप हॉर्नच्या जागी जाईल. हॉर्न नसतो. अंगठ्याला ते पटायला दोन सराव जातात.

पुढे कसं वळण आहे हे माहीत नसेल तर एखाद्या वेगवान गाडीच्या मागे लागा. मागे लागायला पंधरा वर्षांचा मुलगा बरा. दहावीचं वर्ष असतं, आई पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या आवारात, डबा घेऊन बसलेली असते, आणि तो या ट्रॅकवर तुमच्या ताम्हिणीच्या रविवारांपेक्षा जास्त फेऱ्या मारून बसलेला असतो. तो जिथं ब्रेक लावेल तिथंच तुम्ही लावा. त्याचं वजन तुमच्या निम्मं, टायर तापलेले आणि पुढं काय आहे ते त्याला पाठ, या किरकोळ बाबी आहेत. पहिल्या वळणाला तो दिसतो, दुसऱ्याला त्याची पाठ दिसते, तिसऱ्यानंतर तुम्ही पुन्हा एकटे आणि वळण अनोळखी.

तेव्हा स्वतःची खूण शोधलेली बरी. ब्रेक कुठं लावायचा ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक रायडर रस्त्याकडेची एखादी वस्तू धरून ठेवतो. अनाडी लोक जमिनीत रोवलेला अंतराचा फलक धरतात, नाहीतर डांबरावरचा जोड, नाहीतर रंगवलेल्या कर्बची सुरुवात. या वस्तू जागच्या हलत नाहीत, हा त्यांचा एकमेव गुण. तुम्ही मात्र ठळक काहीतरी शोधा. आम्ही शोधलं होतं. जिथं सर्वांत जास्त ब्रेक लागतो त्या वळणाच्या अलीकडे, कुंपणापलीकडे, एक पांढरीशुभ्र अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. टपावर निळा दिवा, मागच्या दाराशी सावलीत बसून डबा खाणारा माणूस. लांबून दिसायची. अ‍ॅम्ब्युलन्सचं पुढचं चाक आलं की ब्रेक, दोन गिअर खाली, आत. सरावात आठ वेळा जमलं. आठव्या वेळेला तर त्या माणसानं डब्यातून वर बघितलं. आम्ही ते कौतुक समजलो.

रेस दुपारी. मित्रानं गाडी सोडली, दिवे विझले म्हणजे रेस सुटली, मधल्या रांगांमधून आम्ही कुणाला तरी मागेसुद्धा टाकलं (त्याचा गिअर सुटला होता, पण निकालात कारणं लिहीत नाहीत). पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीला त्या वळणाकडे जाताना अ‍ॅम्ब्युलन्स शोधतोय, तर ती नाही. दरम्यान ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पडलं होतं आणि ती आपल्या मूळ धंद्याला गेली होती. माणसाचा मेंदू अशा वेळी मोठा निष्ठावान असतो. तो म्हणाला, असेल पुढं, येईल. आम्ही तिची वाट बघत राहिलो, थ्रॉटल तसाच. मग वळण आलं.

अशा वेळी जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, हे पुस्तकी ज्ञान एकदम खरं आहे. वळणाकडे बघायचं असतं. आम्ही ट्रॅकबाहेरच्या खडीत उभ्या असलेल्या झेंडेवाल्या मार्शलकडे बघितलं, आणि सरळ त्यांना भेटायला गेलो. मार्शल वयानं मोठे होते, अनुभवीही, आधीच बाजूला झाले होते. गाडी खडीत रुतली, आम्ही तिच्या पुढं चारेक हात जाऊन बसलो. डाव्या हाताचा अंगठा, तोच हॉर्नवाला, टम्म फुगला. बाकी काही नाही. मार्शलनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं, आम्ही मराठीत ठीक आहे म्हणालो, दोघांनाही समजलं. आणि तेवढ्यात ती आली. तीच. निळा दिवा फिरवत, सावकाश, अगदी आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढचं चाक बरोबर आमच्या रेषेत. मागचं दार उघडून डब्यावाला माणूस उतरला.

तर असं. तुमचं याहून चांगलं होईल. झालं नाही तरी परतीच्या हजार किलोमीटरमध्ये कारणं तयार करायला भरपूर वेळ मिळतो. गाडीचं सेटिंग, दमट हवा, तिथल्या डांबराला ग्रिप नाही, इडली पचली नाही. खंबाटकी आली की गप्प बसायची गरज पडत नाही, कारण पुण्याकडे येताना घाट लागत नाही, बोगदा लागतो.

पुढच्या रविवारी नेहमीसारखं ताम्हिणीला जा. आरसे, इंडिकेटर परत बसवलेले असू देत, पण टाकीवरचा नंबर काढू नका. टपरीवर उतरलात की मावशी चहा ओतता ओतता विचारतीलच, "रेसला गेलावता न्हवं? नंबर कितवा आला?" काही बोलू नका. अंगठ्याला पट्टी आहे, त्याच हातानं टाकीकडे बोट दाखवा. मावशी चष्मा नीट करून वाचतील, १४६.

"अगं बया! येवढी पोरं हुती व्हय?"