स्पॅनिश भाषकांच्या इंग्रजी चुका आळसातून होत नाहीत

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक ढकलसंदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: स्पॅनिश माणसाला इंग्रजी आयती मिळते. लिपी तीच, निम्मे शब्द तेच, आणि अमेरिकन सरकारच्या यादीतसुद्धा या दोन भाषा एकमेकींच्या सर्वांत जवळच्या. तरीही हे लोक ‘आय हॅव थर्टी इयर्स’ म्हणतात, स्कूलला ‘एस्कूल’ म्हणतात, ‘ही’ आणि ‘शी’ यांत घोळ घालतात, म्हणजे हा निव्वळ आळस. यावर उपायही सांगितला आहे: वर्गात स्पॅनिशला बंदी घाला आणि प्रत्येक चुकीला जागच्या जागी टोका.

मी पुण्यात बसून मेक्सिको, कोलंबिया आणि पेरूमधल्या नोकरदार मंडळींना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. हा संदेश शिक्षकच एकमेकांना पाठवताहेत, याचं मला वाईट वाटतं. कारण दिवसभर काम करून रात्री वर्गाला बसणाऱ्या माणसाला ‘तू आळशी आहेस’ हे शेवटी त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं.

आधी त्या सरकारी यादीबद्दल. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटची अशी वर्गवारी आहे आणि तिच्यात स्पॅनिश सर्वांत सोप्या गटात आहे, हे खरं. पण ती वर्गवारी इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन मुत्सद्द्यांना परकी भाषा शिकायला किती आठवडे लागतात याची आहे. उलट दिशेने ती काहीच सांगत नाही. स्पॅनिश शब्द जसा लिहितात तसाच जवळपास वाचतात, त्यामुळे शिकणाऱ्या अमेरिकन माणसाला पहिल्या आठवड्यातच मोठ्याने वाचता येतं. मेक्सिकोतल्या माणसासमोर मात्र ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘दो’ हे तीन शब्द येतात. तिघांतही तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच, आणि उच्चार तीन. लिपी एक असण्याचा इथे फायदा होत नाही, उलट डोळ्यांना दिसतं ते तोंडाने म्हणावं की नाही, हाच प्रश्न पडतो.

‘निम्मे शब्द तेच’ या दाव्यात थोडं तथ्य आहे. ‘नासिओन’ म्हणजे नेशन, ‘पोसिब्ले’ म्हणजे पॉसिबल, अशी हजारो नाती आहेत, आणि इंग्रजी अहवाल वाचताना माझ्या विद्यार्थ्यांना त्यांची खूप मदत होते. पण हे शब्द इंग्रजीत आले ते मुख्यतः लॅटिनमधून आणि 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर नॉर्मन फ्रेंचमधून. दरबार, न्यायालय, चर्च आणि विद्यापीठ या वाटेने. घरातली इंग्रजी जर्मानिक, म्हणजे जर्मन आणि डच यांच्या कुळातलीच राहिली. त्यामुळे माझा विद्यार्थी ‘टॉलरेट’ पहिल्या दिवसापासून जाणतो आणि त्याच अर्थाच्या ‘पुट अप विथ’ला वर्षभरानंतरही अडखळतो. विझवण्यासाठीचं ‘एक्स्टिंग्विश’ त्याला कळतं, ‘पुट आउट’ कळत नाही. तो बोलायला लागला की पुस्तकी वाटतो, आणि समोरचा समजतो की हा उगाच शिष्टपणा करतोय.

दुसरी अडचण जास्त घातक आहे. सारख्या दिसणाऱ्या शब्दांतले बरेचसे फसवे आहेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर, ओशाळलेली नव्हे. हे उदाहरण सगळीकडे हसण्यासाठी वापरलं जातं. पण ती चूक कळते तरी, लगेच. ज्या चुका कळतच नाहीत त्या कामाच्या ईमेलमध्ये होतात. ‘एबेन्तुआलमेंते’ म्हणजे ‘प्रसंग पडला तर, कदाचित’. इंग्रजी ‘इव्हेन्चुअली’ म्हणजे ‘उशिरा का होईना, शेवटी नक्की’. बोगोटामधल्या कंपनीने लिहिलं, ‘इव्हेन्चुअली आम्ही तंत्रज्ञ पाठवू’, तर लिहिणाऱ्याने काहीही कबूल केलेलं नसतं आणि वाचणारा तंत्रज्ञाची वाट पाहत बसतो. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, म्हणून कुणी दुरुस्तही करत नाही. तसंच ‘आसिस्तिर’: त्याचा नेहमीचा अर्थ हजर राहणं, म्हणून ‘आय विल असिस्ट टू द मीटिंग’. ‘कोम्प्रोमिसो’ म्हणजे बांधिलकी, म्हणून ‘वी हॅव अ कॉम्प्रमाइज विथ क्वालिटी’, जे इंग्रजी ग्राहकाला नेमकं उलट ऐकू येतं. आणि ‘बिलोन’ तर पैशांचा मामला. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. स्पॅनिश बिलोन म्हणजे लाख कोटी. हजार पटींचा फरक, आणि शब्द जवळपास एकच. अर्थसंकल्पाच्या बातम्या भाषांतरित करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी हा एक शब्द कायम आकड्यातच लिहायला लावते.

जवळीक जितकी जास्त तितका असा चकवा जास्त. जपानी विद्यार्थ्याला ‘इव्हेन्चुअली’ शब्द अनोळखी असतो, म्हणून तो शब्दकोश उघडतो. स्पॅनिश विद्यार्थी तो उघडत नाही, कारण शब्द त्याला ओळखीचा वाटतो. याला आळस म्हणायचं असेल तर आपण सगळेच रोज तो करतो.

आता व्याकरण. संदेश म्हणतो, ‘साधी वाक्यंही यांना नीट जमत नाहीत.’ सुरुवातीच्या वर्गात मी बहिणीबद्दल लिहायला सांगते तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत अशी वाक्यं येतात: ‘माय सिस्टर हॅज थर्टी इयर्स. इज व्हेरी सिम्पॅथेटिक. लिव्ह्ज विथ हिज हजबंड. शी इज बोरिंग इन हर वर्क.’ चार वाक्यं, पाच प्रकारच्या चुका. एकेक चूक उलगडली की खाली स्पॅनिशचा एकेक पक्का नियम निघतो.

‘हॅज थर्टी इयर्स’: स्पॅनिशमध्ये वय असतं ते ‘तेनेर’ या क्रियापदाने, म्हणजे ‘जवळ असणे’. भूक, तहान, भीती, थंडी आणि खरेपणासुद्धा माणसाजवळ असतात. म्हणून ‘आय हॅव हंगर’ आणि ‘यू हॅव रीझन’. ‘सिम्पॅथेटिक’ हा पुन्हा फसवा शब्द, ‘सिम्पातिका’ म्हणजे मनमिळाऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात कर्ता गायब आहे, कारण स्पॅनिश क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो. मराठीत ‘आलो’ म्हटलं की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही तसंच. पाऊस पडतो तेव्हा तर स्पॅनिशमध्ये ‘युएबे’ एवढा एकच शब्द पुरतो, तिथे कर्ता नावाची वस्तूच नसते. इंग्रजीला मात्र तिथेही ‘इट’ हवा, ज्याचा अर्थ काहीच नाही. त्यामुळे ‘इज रेनिंग’. या ‘इट’ची गरज काय, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा माझ्याकडे ‘इंग्रजीची सवय’ याहून चांगलं उत्तर नसतं.

सर्वांत सुंदर चूक शेवटची. ‘शी इज बोरिंग’. लिहिणाऱ्या मुलीला म्हणायचं होतं, बहिणीला कामाचा कंटाळा येतो. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ यासाठी दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ‘एस आबुर्रिदा’ म्हणजे ती कंटाळवाणी आहे, ‘एस्ता आबुर्रिदा’ म्हणजे ती कंटाळली आहे. विशेषण तेच राहतं, फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत क्रियापद एकच, म्हणून फरक विशेषणावर ढकललेला: बोर्ड आणि बोरिंग. मुलगी नेहमीच्या जागी फरक शोधते आणि इंग्रजीने तो दुसरीकडे ठेवलेला असतो. ज्या भाषेत हा भेद इतका काटेकोर आहे, तिच्या भाषकाला बेफिकीर म्हणायला जीभ कशी रेटते?

बाकीच्या नेहमीच्या चुकांचंही तसंच. ‘आय डोन्ट नो नथिंग’ घ्या. स्पॅनिशमध्ये ‘नो से नादा’ यातलं ‘नो’ गाळलं तर वाक्य अशुद्ध होतं. ‘पीपल इज’, कारण ‘हेन्ते’ एकवचनी. ‘डिपेन्ड ऑफ’, ‘मॅरीड विथ’, कारण तिकडची शब्दयोगी अव्ययं तशी. प्रश्नात ‘डू’ विसरतात, ‘यू लाइक कॉफी?’, कारण स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना अनेकदा एकच असते, फरक फक्त स्वराच्या चढउताराचा. लांब वाक्य वाचताना हा गोंधळ व्हायचा, म्हणून तर स्पॅनिश अकादमीने 1754 मध्ये वाक्याच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह सुचवलं.

‘ही’ आणि ‘शी’बद्दल संदेशात विशेष तिरकस ओळ आहे: ‘टेबलालाही लिंग देणारी भाषा बोलतात आणि बाईला ही म्हणतात!’ मराठी वाचकाला हे पटकन पटतं, म्हणून इथे जरा थांबते. आपलं ‘तिचा नवरा’ बघा. ‘ति’ सांगतं की ज्याच्याशी नातं आहे ती बाई, ‘चा’ सांगतं की नवरा पुल्लिंगी. दोन्ही माहिती एका शब्दात. हिंदीत ‘उसका पति’ म्हटलं की पहिली माहिती गेली, पती पुल्लिंगी एवढंच उरलं. स्पॅनिशमध्ये ‘सु मारिदो’. ‘सु’ म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा, आपला, सगळं एकच. ‘आमचा’सारख्या शब्दांना लिंग लागतं, पण ते पुढच्या नामाचं. तेव्हा ‘हजबंड’ पुल्लिंगी दिसला की विद्यार्थ्याचा हात ‘हिज’कडे जातो. त्यात रोजच्या बोलण्यात ‘एल’ (तो) आणि ‘एया’ (ती) ही सर्वनामं बहुतेक वेळा गाळलेलीच असतात, म्हणजे बोलता बोलता क्षणात एक निवडायचा सरावच नसतो. लिंगाची जाण भरपूर आहे, फक्त इंग्रजी ती नामाऐवजी माणसाकडून मागते.

‘एस्कूल’ला जिभेचा आळस म्हणणं तर उफराटंच आहे, कारण आळशी जीभ एक स्वर वाढवेल कशाला? स्पॅनिशमध्ये कोणताही मूळचा शब्द ‘स’ अधिक व्यंजन अशा जोडीने सुरू होत नाही. लॅटिन ‘स्कोला’चं ‘एस्कुएला’ झालं, ‘स्पिरितुस’चं ‘एस्पिरितु’. असा स्वर आधी लावण्याची खोड उत्तरकालीन लॅटिन शिलालेखांतही दिसते. उत्तर भारतातलं ‘इस्कूल’ हे त्याच जातीचं. स्वरांचीही तीच गोष्ट: स्पॅनिशमध्ये पाच, इंग्रजीत त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ कानाला एकच. ‘बी’ आणि ‘व्ही’ यांचा उच्चार तर स्पॅनिशमध्ये एकच असल्याने तिथली मुलं शाळेतच ‘बुर्रोचा बी, वाकाचा व्ही’ असं पाठ करतात, म्हणजे गाढवातला कुठला आणि गाईतला कुठला. जो फरक त्यांना ऐकूच येत नाही तो दम देऊन ऐकू येणार नाही. मी ओठांना दात लावून दाखवते, फोनचा कॅमेरा तोंडाजवळ नेते, आणि वीस-वीस वेळा तेच म्हणून घेते.

राहिला उपाय, स्पॅनिशवर बंदी. यामागे समजूत अशी की सगळ्या चुका मातृभाषेतून येतात. हेही पूर्ण खरं नाही. ‘शी वर्क इन अ बँक’ यातला गळालेला ‘स’ घ्या. स्पॅनिश क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे प्रत्येक काळात पाच-सहा रूपं घेतं. त्यांच्यासाठी एक ‘स’ लावणं म्हणजे काहीच नाही. तरी तो गळतो. 1974 मध्ये हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांची तुलना केली, तेव्हा इंग्रजीचे असे प्रत्यय वगैरे आत्मसात होण्याचा क्रम दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. चिनी क्रियापदाला रूपंच नाहीत, स्पॅनिशला ढीगभर, आणि ‘स’ दोघांनाही उशिरा येतो. म्हणजे ही चूक इंग्रजी शिकण्याच्या वाटेवरच आहे. स्पॅनिश बंद करून ती जाणार नाही, आणि टोकून तर नाहीच.

उलट ज्या चुका खरोखर स्पॅनिशमधून येतात, त्यांच्यासाठी वर्गात स्पॅनिश हवीच. ‘एस आबुर्रिदा’ आणि ‘एस्ता आबुर्रिदा’ फळ्यावर शेजारी लिहिल्याशिवाय ‘बोर्ड’ आणि ‘बोरिंग’ समजावायला मला अर्धा तास लागतो, लिहून पाच मिनिटं. मी शिकवायला लागण्यापूर्वी स्पॅनिश शिकले ती यासाठीच कामी येते. आणि प्रत्येक चूक टोकण्याऐवजी मी आधी त्या धरते ज्यांच्यामुळे समोरच्याचा गैरसमज होईल: ‘इव्हेन्चुअली’, ‘कॉम्प्रमाइज’, ‘बिलियन’, ‘हिज हजबंड’. ‘शी वर्क’ मी बराच काळ सोडून देते. ‘शी वर्क’ ऐकून आजवर कुणाचाही करार मोडलेला नाही.