एक्का कोण टाकतंय, सर?

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सोमवारपासून मला ‘फुल हाऊस सर’ म्हणतात. रेल्वेच्या डब्यातल्या एका पोरानं माझा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला आणि ते पोरगं नेमकं आमच्या लॅब असिस्टंटच्या साडूचं निघालं. परभणी जिल्ह्यात अनोळखी माणूस मिळणं फार अवघड. व्हिडिओत मी लॅपटॉपवर पत्ते खेळतोय, सभोवती दहा-बारा डोकी आहेत आणि एक धोतरवाले मामा मला शिकवतायत. मी संख्याशास्त्र शिकवतो, हे त्यात कुठंच दिसत नाही.

कारण सांगून टाकतो. भाचा अमेरिकेत नेवाडा राज्यात नोकरीला आहे. सुट्टीत लास व्हेगासला जातो आणि तिथं व्हिडिओ पोकर खेळतो. त्याचा मेसेज आला : ‘मामा, सरावाची दोन-चार सॉफ्टवेअरं आहेत, तुमचा विषयच आहे, जरा तुलना करून सांगा की कुठलं घेऊ.’ घरातला मास्तर म्हणजे फुकटची टपरी. मुंज असली की पत्रिकेचं शुद्धलेखन, जमीन वाटली की गुंठ्यांचा हिशेब, आणि आता हे.

व्हिडिओ पोकर म्हणजे रमी नव्हे, तीन पत्तीही नव्हे. समोर माणूसच नसतो. साय रेड नावाच्या गृहस्थाच्या कंपनीनं, म्हणजे पुढं आयजीटी झालेल्या कंपनीनं, १९७९ मध्ये ‘ड्रॉ पोकर’ नावाचं मशीन काढलं, तिथून हा प्रकार फोफावला. मशीन पाच पत्ते देतं. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, तेवढेच नवे येतात आणि जे जमलं त्याचे पैसे. ‘जॅक्स ऑर बेटर’ या साध्या प्रकारात गुलामाच्या जोडीपासून पैसे मिळतात, त्याखालची जोडी नुसती शोभेला. कशाला किती मिळणार, ते मशीनच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. फुल हाऊसला (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) लावल्याच्या नऊपट आणि कलरला (पाचही इस्पिक किंवा पाचही बदाम, असे) सहापट असेल तर ते ‘नाईन-सिक्स’ मशीन; एकही चूक न करता खेळलात तर शंभर रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. तेच आकडे आठ आणि पाच झाले की ९७ रुपये ३० पैसे. बाकी मशीन हुबेहूब तेच. तेच दिवे, तोच आवाज.

सरावाचं सॉफ्टवेअर हे ‘चूक न करता’ शिकवतं. पाच पत्ते ठेवण्या-टाकण्याच्या ३२ तऱ्हा होतात. प्रत्येक तऱ्हेत पुढं काय काय येऊ शकतं ते सगळं ते मोजतं. पाचही टाकले तर नवे पाच येण्याचे १५,३३,९३९ प्रकार, तेसुद्धा मोजतं. आणि तुम्ही चुकीचं बटण दाबलं की तिथंच पकडतं. ‘विनपोकर’ हे जुनं विंडोजवरचं काम, रूप सरकारी, पण मशीनवरचा भावफलक आपल्या हातानं भरून हिशेब काढता येतो. ‘फ्रुगल व्हिडिओ पोकर’ काय ठेवायचं याची उतरंड लावलेला तक्ताच काढून देतं. ‘व्हिडिओ पोकर फॉर विनर्स’ दिसायला खऱ्या मशीनसारखं. आणि मायकेल शॅकलफर्ड यांनी सुरू केलेल्या ‘विझार्ड ऑफ ऑड्स’ या साइटवर बरंचसं फुकट आहे, फक्त इंटरनेट पाहिजे. चित्रं कुणाची चांगली, याच्याशी मला घेणं नाही. मी मास्तर, सॉफ्टवेअर चुकीवर कसं रागावतं ते मी बघतो. काही नुसतं कुईं करून गप्प बसतात. मला आवडतं ते आकड्यात बोलणारं : तू हे ठेवलंस, ते ठेवायचं होतं, रुपयामागे इतके पैसे घालवलेस. वर्गात असं बोलायची मला आता परवानगी नाही.

तर जालन्याला नात्यात लग्न होतं. गाडीत खिडकी मिळाली, मी लॅपटॉप उघडला. परभणीच्या पुढं रूळ एकेरी, त्यामुळे मानवत रोडला क्रॉसिंगसाठी गाडी जी थांबली ती थांबली. रेंज गेली. साइटवालं बंद पडलं, लॅपटॉपमध्ये भरून घेतलेलं चालू राहिलं. तुलनेतला पहिला मुद्दा मी वहीत लिहिला आणि तेवढ्यात कानाशी आवाज आला.

“काय खेळायलाव सर?”

शेजारचे मामा. पांढरी टोपी, मांडीवर नायलॉनची पिशवी, पिशवीतून डोकावणारी पालकाची जुडी. मी ‘सर’ आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, कोण जाणे. वहीवरून असेल.

“खेळत नाही मामा. तपासतोय.”

“तपासायला पत्ते कामून लागतेत?”

मी सांगितलं. सराव आहे, पैसे लागत नाहीत.

“पैसे न्हाईत? मंग सराव कशाचा?”

समोरच्या बाकावरचा चष्मेवाला तरुण लगेच सावध झाला. “सर, ऑनलाइन बंद झालंय. कायदा आलाय.” आलाय खरा, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. मी म्हटलं, इथं पैसेही नाहीत आणि ऑनलाइनही नाही, रेंजच नाही. तो ‘हो हो’ म्हणाला, पण अशा सुरात की पोलीस आले तर मी ओळख दाखवणार नाही. वास्तविक महाराष्ट्रानं स्वतः १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलात आणला नाही, रद्दही केला नाही, तसाच पडू दिला आणि शेवटी २०२३ मध्ये मोडीत काढला. सत्तेचाळीस वर्षं! हे मी त्याला सांगितलं असतं, पण मामांचा पुढचा प्रश्न आला होता.

“कुनासंगं खेळायलाव पण?”

“मशीनशी.”

“मशीनचे पत्ते कुटंयत?”

“मशीनला पत्ते नसतात.”

मामा विचारात पडले. पलीकडच्या बाईंनी गाठोडं सरकवून मान पुढं काढली. “मंग हारतंय कोन?” मामा म्हणाले.

हा प्रश्न मी बारावीच्या पोरांना टाकणार आहे.

पुढचा डाव आला. इस्पिकची सत्ती, किलवरची सत्ती, बदामचा एक्का, चौकटची तिर्री, बदामची नव्वी. यात विचार करण्यासारखं काहीच नाही. दोन सत्त्या ठेवायच्या, तीन पत्ते टाकायचे. मी सत्त्यांवर बोट नेलं आणि मामांनी माझं मनगट धरलं. अक्षरशः धरलं.

“एक्का टाकायलाव?”

“हो.”

“एक्का कोण टाकतंय, सर?”

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की दारात उभी असलेली माणसं आत आली. मी समजावलं. एक्का हातात धरला की नवे पत्ते तीनऐवजी दोनच येतात. जोडीवर तिसरी सत्ती येण्याची आशा तिथंच कमी होते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, चाळीस वर्षं झाली, पोळ्याला, दिवाळीला, पारावर पत्ते खेळतो. राजा टाकणारा पाहिला, एक्का टाकणारा माणूस पाहिला नाही. मी म्हटलं ती तीन पत्ती, इथं एक्क्यानं दबावात घ्यायला समोर कुणी नाही. गाठोडंवाल्या बाई म्हणाल्या, “ऐका की वो त्यांचं, मोठं मानूस हाय.” चष्मेवाला, जो मला ओळख दाखवणार नव्हता, म्हणाला, “सर, ठेवा एक्का, काय फरक पडतो!”

काय फरक पडतो ते आकड्यात सांगतो, कारण तिथं कुणी सांगू दिलं नाही. नुसत्या जोडीची किंमत, म्हणजे सरासरी परत येणारी रक्कम, रुपयाला सुमारे ८२ पैसे. जोडीसोबत एक्का धरला तर दोन पत्ते येण्याचे १,०८१ प्रकार, त्यातल्या ९ प्रकारांत फुल हाऊस, आणि सगळं मिळून किंमत ६८ पैशांच्या आत. म्हणजे एक्क्याच्या मानापायी रुपयामागे चौदा-पंधरा पैसे पाण्यात. एवढंच नव्हे, फुल हाऊस लागायची शक्यतासुद्धा एक्का टाकल्यावर जास्त असते. हे मी बोलायला तोंड उघडलं, तोवर मामांच्या बोटानं एक्का दाबला होता. दोन्ही सत्त्याही. नवे पत्ते मागायचं ‘ड्रॉ’चं बटण त्यांना कुणी दाखवलं ते मला माहीत नाही.

एक्का आला. शेजारी दुसरा एक्का आला.

तीन एक्के, दोन सत्त्या. पाच नाणी लावलेली, नवापट, पंचेचाळीस. डब्यात जो कल्ला झाला तो फलाटावरच्या भेळवाल्यापर्यंत गेला, आणि व्हिडिओतला भाग तो हाच. त्याच वेळी पडद्यावर वर लाल पट्टी झळकत होती : चुकीचा निर्णय, सत्त्या ठेवायला हव्या होत्या. मी ती पट्टी बोटानं दाखवली.

“चूक मनतंय?” मामांनी डोळे बारीक केले. “आन पैसे बी देयलंय?”

“हो. पैसे नशिबाचे. चूक ती चूकच.”

“मंग आसली चूक रोज होऊ द्या,” असं कुणीतरी मागून म्हणालं आणि पुन्हा हशा.

मला याचा राग आहे, आणि तो मामांवर नाही. बरोबर खेळून हरलेल्या माणसाला आपल्याकडं तोंड दाखवायला जागा नाही. आकडे मांडून, वाचून, नीट विचार करून पोरानं एखादी शाखा निवडली आणि नोकरी लागली नाही, की सगळी भावकी ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणत हजर. आणि मित्राच्या नादानं गेलेल्याला लागली की तो हुशार. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्ही मिरवतो, पण बनली नाही त्याचं पुढं काय होतं ते म्हणीत नाही. सॉफ्टवेअर निकालाकडं बघतच नाही, म्हणून मला ते आवडतं. पंचेचाळीस नाणी देताना तोंडावर चूक म्हणणारा परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. मी स्वतःही नाही. बरोबर उत्तर आलं की पायऱ्या न बघता पूर्ण गुण देतो, शंभर पेपरांचा गठ्ठा असतो हो.

गर्दी ओसरली. मामा मात्र पडद्याला चिकटून होते. आता पत्ते नव्हते बघत, वरचा तक्ता बघत होते.

“ह्ये काय लिव्हलंय?”

“भाव. दोन जोड्यांना दोन, तिर्रीला तीन, म्हणजे तीन सारख्यांना तीन, सिक्वेन्सला चार, कलरला सहा, फुल हाऊसला नऊ.”

“आन तेवढंच देतंय?”

“तेवढंच.”

“काटा मारत न्हाई?”

“नाही.”

“वलावा धरत न्हाई?”

मी लॅपटॉपवरून मान वर केली. मामा सोयाबीन घालून परत निघाले होते. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण तो ओलावा बारा टक्क्यांच्या आत असलेल्या मालाचा, आणि सरकारी केंद्रावर नंबर लागला तर. मोंढ्यात त्यांच्या पोत्यात व्यापाऱ्यानं मूठ घातली, दाणा दाताखाली धरला आणि ओलावा चौदा सांगितला. मशीन लावलंच नाही. भाव काय मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही, पिशवीतली पालकाची जुडी उगाच आत सारली.

“तुमच्या मशीनीचं बरंय,” ते म्हणाले. “लिव्हलेलं हाय, तेवढं देतंय.”

मला त्यांना बरं वाटू द्यायचं नव्हतं असं नाही, पण सवय. मी सांगितलं, तिथंही हात मारतात मामा. नवाचं आठ करतात, सहाचं पाच करतात, मशीन बाहेरून तेच दिसतं आणि बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. शंभरामागे सव्वादोन रुपये जास्त गेले, हे वर्ष संपलं तरी कळत नाही.

“हां!” मामा एकदम खुलले. अमेरिका त्यांना आता ओळखीची वाटली असावी. “मंग कसं वळखायचं?”

“बसायच्या आधी तक्ता वाचायचा. आठ-पाच असेल तर उठायचं.”

“उठून जायचं कुटं?”

“दुसऱ्या मशीनवर. नाहीतर घरी.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर. क्रॉसिंगची गाडी धडधडत गेली, आमची हलली, सेलूला ते उतरले. उतरताना त्यांनी चष्मेवाल्याला सांगितलं, “सरांकड ध्यान ठिव, बरं मानूस हाय, फकस्त एक्के टाकतंय.”

भाच्याला मी सविस्तर लिहिलं. विनपोकरमध्ये काय जमतं, तक्ता हवा असेल तर फ्रुगल का, जोडीसोबत एक्का का धरायचा नाही, आठ-पाच मशीनवर का बसायचं नाही, आणि मुळात ९९.५४ म्हणजेही शंभराच्या आत, तेव्हा सराव करूनही पैसे जाणारच, फक्त सावकाश. चांगली दोन पानं झाली. त्याचं उत्तर आलं : ‘मामा थँक्स, एवढं वाचायला वेळ नाही, फुकट कुठलं आहे तेवढं सांगा.’ खाली हसरा चेहरा, आणि त्याखाली तोच व्हिडिओ. त्याच्या आईनं पाठवला होता.