'निर्दोष स्फटिक सर्वांत मजबूत' या दाव्याविषयी

बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे: धातूच्या स्फटिकात दोष जितके कमी तितका तो मजबूत, विमानाच्या इंजिनातील पाती म्हणूनच एकाच निर्दोष स्फटिकाची असतात, आणि ठरल्या प्रमाणाबाहेरचा प्रत्येक अणू म्हणजे भेसळ. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये जेथे कलाभवन सुरू केले, त्या शहरात धातुशास्त्र शिकवताना हीच वाक्ये उत्तरपत्रिकांत वाचावी लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अतिशय बारीक, जवळजवळ निर्दोष लोखंडी तंतू कमालीचे मजबूत असतात, एवढे खरे. पण नेहमीच्या वापरातल्या धातूत डिसलोकेशन्स, म्हणजे मध्येच संपणाऱ्या अणूंच्या ओळी, असतातच. त्या सरकतात म्हणून धातू वाकतो, आणि त्या वाढल्या की धातू कठीण होतो. तापवून नरम केलेली तांब्याची तार मी विद्यार्थ्यांच्या हाती देतो. ती सहज वाकते. पण सरळ करू गेले की तो बाक तसाच राहतो आणि तार शेजारी वळते, कारण वाकवताना तेथे वाढलेल्या डिसलोकेशन्स एकमेकींची वाट अडवतात.

पाते एका स्फटिकाचे ओततात ते कणसीमा, म्हणजे धातूतील स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या सीमा, टाळण्यासाठी, कारण तप्त धातू सततच्या ताणाखाली त्या सीमांवर सरकतो आणि तडकतो. त्यामुळे स्फटिक निर्दोष ठरत नाही. पात्याचा निम्म्याहून अधिक भाग तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अणू असलेल्या संयुगाच्या, सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घनांनी व्यापलेला असतो. हे संयुग साधारण ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे तसे अधिक बळकट होते. त्यातील डिसलोकेशन्स जोडीने चालतात, कारण एकटी पुढे गेली तर तिच्यामागे अणूंची मांडणी बिघडलेला पट्टा उरतो. उष्णतेने त्या जोडीचा काही भाग दुसऱ्या प्रतलावर घसरतो आणि तेथेच अडकतो. हे कुलूप केअर आणि विल्सडॉर्फ या संशोधकांनी १९६२ मध्ये दाखवले. येथे बळ येते ते दोषामुळेच.

भेसळीचा आक्षेपही टिकत नाही. हेच संयुग अनेक स्फटिककणांचे असले की कणसीमांवर ठिसूळपणे तुटते. १९७९ मध्ये जपानमधील आओकी आणि इझुमी या संशोधकांनी त्यात किंचित बोरॉन मिसळले, तो कणसीमांवर जाऊन बसला आणि संयुग ताणले जाऊ लागले. तेही ॲल्युमिनियमचे अणू एकूण अणूंच्या २५ टक्क्यांहून जरा कमी ठेवले तरच नीट साधते. निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे एकास एक संयुग तर साध्या तापमानाला प्रमाण अचूक असतानाच सर्वांत मऊ असते. ॲल्युमिनियम थोडे वाढवले की निकेलच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि त्या रिकाम्या जागांनीच ते कठीण होते.