व्हिक्टरी टू आणि जटलंड: एका प्रतिक्रियेला उत्तर

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या एका स्टोकरबद्दल, म्हणजे जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्याबद्दल, मी लिहिलं होतं की तो 1916 च्या जटलंडच्या ब्रिटिश-जर्मन समुद्री लढाईत जवळजवळ नक्की होता. त्यावर तुमचे मुख्य आक्षेप दोन. त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या कागदावर, 'व्हिक्टरी टू' लिहिलंय, म्हणजे नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जुन्या लाकडी जहाजावर कोळसा टाकायला गेला होता का हा, आणि दुसरं म्हणजे जटलंडचं नाव अख्ख्या कागदावर नाही तरी मी तो तिथे होता असं ठोकून दिलंय.

पहिलं सोपं आहे. नौदलात माणूस किनाऱ्यावर बराकीत असला तरी पगारासाठी त्याचं नाव कुठल्यातरी जहाजाच्या हिशेबात लागायचं. पोर्ट्समथच्या नौदल तळावरच्या स्टोकर लोकांसाठी ते व्हिक्टरी टू, चॅटमला पेम्ब्रोक टू, डेव्हनपोर्टला व्हिविड टू. म्हणजे त्या तारखांना तो ट्रेनिंगमध्ये किंवा पुढच्या जहाजाची वाट बघत बराकीत होता, एवढंच. नेल्सनच्या जहाजाशी त्याचा संबंध नावापुरता.

आता जटलंड. हा कागद म्हणजे लढायांची डायरी नाही हो, हिशेबाची वही आहे. जहाज, कधीपासून कधीपर्यंत, हुद्दा, दरवर्षी 31 डिसेंबरला चारित्र्याचा शेरा, शिक्षा झाली असेल तर ती, बस. लढाई लिहायला रकानाच नाही, मग दिसणार कुठून? त्याच्या नावापुढे 'आयर्न ड्यूक' हे जहाज आहे आणि 31 मे 1916, म्हणजे लढाईचा दिवस, त्या तारखांच्या अगदी मधे येते, आणि आयर्न ड्यूक म्हणजे ब्रिटिश ताफ्याचा सेनापती जेलिको याचं फ्लॅगशिप, तो स्वतः ज्यावर होता ते जहाज, ते त्या दिवशी तिथे होतं याबद्दल कोणाचाच वाद नाही. नेमका तेव्हाच रजेवर असेल तर, ही शंका रास्त आहे, म्हणून तर मी 'जवळजवळ नक्की' असं लिहिलं होतं, तेवढे दोन शब्द तुम्ही गाळलेत.

आणि तुमचं ते 'खाली बसून कोळसा टाकणाऱ्याला कसलं आलंय युद्ध' हे वाक्य मला खरंच खटकलं. आयर्न ड्यूकला 18 बॉयलर, मुख्यतः कोळशावर. बंकरमधून, म्हणजे जहाजातल्या कोळशाच्या कोठारातून, कोळसा ओढून आणायचा, घंटा वाजली की ठरलेल्या भट्टीचं दार उघडून टाकायचा, जळून घट्ट झालेला थर लांब सळ्यांनी फोडून काढायचा, आणि लढाईत वरची झाकणं बंद असताना बाहेर काय चाललंय हे फक्त आवाजावरून ओळखायचं. आयर्न ड्यूकला गोळा लागला नाही हे नशीब. त्याच लढाईत इन्व्हिन्सिबल हे ब्रिटिश जहाज स्फोटात फुटलं, हजारावर माणसं गेली, वाचली फक्त 6, आणि त्यात बॉयलर रूममधला एकही नाही.

राहिलं पदकाचं. जटलंडसाठी वेगळं पदक किंवा क्लास्प (पदकाच्या फितीवरची लढाईच्या नावाची पट्टी) कधी निघालाच नाही, त्यामुळे मेडल रोलमध्ये, म्हणजे पदकं मिळालेल्यांच्या यादीत, जटलंडचं नाव शोधून काही हाती लागणार नाही. तपासायचंच असेल तर जहाजांची लॉगबुकं लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, ती बघा आणि तारखा जुळवा.