बोटीवरचे पहिलटकर

क्रूझच्या बोटीवर पाऊल ठेवून वीस मिनिटंही झाली नव्हती. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एक ऐसपैस अमेरिकन जोडपं शिरलं. गृहस्थांच्या डोक्यावर कापडी टोपी आणि टोपीला इतक्या पिना टोचलेल्या की कापड नावापुरतंच उरलेलं. दार बंद होता होता त्यांनी हसून विचारलं, "कितवी खेप?"

अर्थात हे त्यांनी इंग्रजीत विचारलं. पण सूर अगदी तोच, ज्या सुरात आमच्याकडच्या म्हाताऱ्या दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या पोरीला विचारतात. मी म्हटलं, "पहिलीच."

त्यावर बाईंनी दोन्ही तळवे गालांना लावले आणि 'अगोबाई'च्या फार जवळ जाणारा आवाज काढला. आमची त्रेचाळिसावी, हे त्यांनी आम्ही न विचारताच सांगितलं. मग नवव्या मजल्यापर्यंत सल्ले. नाश्ता वरच्या बुफेत घेऊ नका, खालच्या हॉलमध्ये बसून घ्या. पहिल्याच दिवशी सगळं खायचा मोह आवरा. चक्कर आली तर बोटीच्या मध्यभागी येऊन बसा, हिरवं सफरचंद खा. फक्त डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी तेवढी राहिली. दार उघडलं तेव्हा बाईंनी हिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. पहिलटकरणीला थोपटतात तसंच.

"अहो, एवढं काय होणार आहे आपल्याला इथे?" हिने कॉरिडॉरमध्ये विचारलं.

खरं सांगायचं तर मला तोवर राग आला होता. १९८१ साली मी बांधकाम खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०१६ साली अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ३५ वर्षांत मी एकच गोष्ट कमावली: सेवाज्येष्ठता. यादीत कोण वर, कोण खाली, कोणाची रुजू तारीख सकाळची आणि कोणाची मध्यान्हानंतरची, यावर मी महिनेच्या महिने भांडलो आहे. आणि आता वयाच्या ६७ व्या वर्षी, लेकीने हौसेने काढून दिलेल्या सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीवर, मी पुन्हा नवीन भरती!

तशी पहिली पायरी धक्क्यावरच दिसली होती. लेक ऑर्लँडोला असते. तिथून तासाभराच्या अंतरावर पोर्ट कॅनव्हेरल. टर्मिनलमध्ये रांगा चार. एकीला निळा गालिचा, दोरी पितळी दांड्यांना अडकवलेली, आणि माणसं मोजून सहा. दुसरीत वीस. तिसरीत पन्नास. चौथी रांग आमची; तिचं शेपूट मी शेवटपर्यंत पाहिलं नाही, कारण आम्हीच ते शेपूट होतो. जी कार्डं मिळाली त्यांच्या कडेला प्रत्येकाच्या दर्जाप्रमाणे रंगीत पट्टी; जितक्या खेपा जास्त तितका दर्जा वरचा. आमच्या कार्डाला पट्टीच नव्हती. मी उलटून पाहिलं. मागेही नव्हती.

(कंपनीचं नाव घेत नाही. जेवण उत्तम होतं. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे.)

एक मात्र बरं वाटलं. बोट सुटण्याआधी संकटकाळी कुठे जमायचं ते प्रत्येकाला दाखवतात, तो नियमच आहे. तिथल्या पोराला मी मुद्दाम विचारलं, "जीवरक्षक नावेतसुद्धा आधी पट्टीवाले का?" तो दचकला. म्हणाला, नाही सर, तिथे सगळे सारखे. म्हणजे बोट बुडायला लागली की सेवाज्येष्ठता रद्द. हिला सांगितलं तर म्हणाली, "त्या टोपीवाल्यांना हे माहीत आहे का?"

टोपीवाले आमच्या समोरच्याच केबिनमध्ये निघाले. आता शेजार म्हटला की दारात काय येतं ते दिसणारच. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या दाराच्या खाचेत जाड कागदाचं पाकीट: कप्तानाकडून चहापानाचं निमंत्रण. आमच्या खाचेतही पाकीट होतं. त्यात धुलाईचं दरपत्रक. दुसऱ्या दिवशी त्यांना ताटलीभर चॉकलेटात बुडवलेली स्ट्रॉबेरी, आम्हाला घड्याळांच्या सेलची जाहिरात. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की त्यांच्या दाराकडे बघायचं नाही, आणि बघितलं. लग्नात व्याह्यांना शेला-पागोटं आणि लांबच्या काकांना नुसता नारळ दिला की काका ज्या नजरेने स्टेजकडे बघतात, ती नजर माझ्याकडेही आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हिचं तसं नाही. हिला मान नको असतो, चहा हवा असतो. आणि बोटीवर चहा म्हणजे कोमट पाण्याच्या पेल्यात सोडलेली पुडी. चौथ्या दिवशी दुपारी ही अर्धा तास गायब. आली ती कागदी रुमालात चार बिस्किटं बांधून.

"कुठून?"

"तिकडे पुढे एक खोली आहे. काय सुंदर मशीन आहे हो कॉफीचं, दाणे दळून देतं. खुर्च्या पण मऊ. आणि गर्दी अजिबात नाही."

माझ्या पोटात गोळा आला. त्या खोलीच्या काचेच्या दारावर पाटी होती, आणि दार फक्त वरच्या दोन पट्ट्यांच्या कार्डाने उघडायचं. "अगं, तू आत शिरलीस कशी?"

"एका बाईंनी दार धरलं माझ्यासाठी. मी थँक्यू म्हटलं."

म्हणजे पट्टी नाही, पिना नाहीत. नऊवारी नव्हे पण बऱ्यापैकी काठाची साडी, गळ्यात मंगळसूत्र, आणि मांडवात शिरणाऱ्या करवलीचा आत्मविश्वास. आतल्या मुलाने केबिनचा नंबर विचारला, हिने सांगितला. त्याने यंत्रात पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, कॉफी संपवून मग जा. हिला वाटलं, आग्रह करतोय. म्हणून दुसरी घेतली.

मी तिला दर्जांची उतरंड समजावून सांगितली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे जे चाळीसदा आले त्यांना फुकट कॉफी, आणि जे बिचारे पहिल्यांदाच आले त्यांना काही नाही? आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्याचं जास्त करतात." यावर मला उत्तर सुचलं नाही. कचेरीतही कधी सुचलं नव्हतं.

पण टोपीवाल्यांच्या बाईंबद्दल वाकडं बोललं तर जीभ झडेल. हिचं भाषेवाचून त्यांच्याशी कसं जमलं देव जाणे. त्यांनी हिला लोहचुंबकाचे आठ आकडे दिले. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, आकडा नुसता टेकवला की चिकटतो. मुरलेले प्रवासी हे घरून आणतात म्हणे. शिवाय न्हाणीघरात एका डबीतून ओढून काढायची दोरी असते, हेही त्यांनीच दाखवलं. त्या रात्रीपासून आमची केबिन गिरगावातल्या चाळीची गॅलरी झाली. धुलाईचं दरपत्रक हिने साबणाखाली ठेवलं.

कळस झाला तो ग्रँड केमनला. तिथे जॉर्ज टाउनला मोठ्या बोटींना लागायला धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या लाँचमधून माणसं किनाऱ्यावर नेतात. सकाळी मी दात घासत होतो तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा: टेंडरची प्रक्रिया थोड्याच वेळात सुरू होईल.

हातातला ब्रश हातातच राहिला. टेंडर! ३५ वर्षं मी दुसरं केलं काय? सीलबंद पाकिटं, बयाणा रक्कम, ठीक तीन वाजता ठेकेदारांसमक्ष उघडणे. अखेर या बोटीवर माझ्या अनुभवाला विचारतील असं क्षणभर खरंच वाटलं. पण इथे त्या लाँचलाच टेंडर म्हणतात. आणि आमच्या खात्यात निदान सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळायचं; इथे सगळ्यात कमी दराच्या, बिनखिडकीच्या केबिनवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी वरची पट्टी, मग तिच्याखालची, मग कंपनीकडून सहल घेतलेले. आम्हाला चिठ्ठी मिळाली २७ नंबरची. दोन तास आम्ही नाट्यगृहात बसून राहिलो. रंगमंचावर काहीही चालू नव्हतं, तरी अधूनमधून लोक टाळ्या वाजवायचे. आकडा पुकारला की ज्यांचा लागला ते वाजवायचे.

तिथे बसल्या बसल्या मला देवगड आठवलं. साठीच्या दशकात आम्ही आजोळी जायचो ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. रात्री डेकवर पथारी टाकायची, पहाटेपर्यंत निम्म्या लोकांना बोट लागलेली असायची, आईने लिंबू हुंगायला दिलेलं. देवगडलाही बोट बाहेरच उभी राहायची आणि पडाव यायचे. तिथली प्रक्रिया साधी होती. खलाशी पोराला काखेत धरायचा, लाट वर आली की खालच्याच्या हातात सोडायचा. मग ट्रंक, मग आंब्याची रिकामी करंडी, मग आजी. कोणाची कितवी खेप ते कोणी विचारलं नाही. आजीला एकदा लाट चुकली आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली; त्या खलाशाच्या सात पिढ्यांचा उद्धार तिने बंदरापर्यंत चालू ठेवला. ग्रँड केमनला कोणी भिजलं नाही. स्वच्छ, कोरडं, थंड पाण्याच्या बाटलीसह, २७ नंबरला आम्ही उतरलो. समुद्र मात्र काय सुंदर! निळा कसा, तर आमच्या शाळेच्या शाईच्या दौतीत पाणी ओतल्यासारखा.

लेकीच्या घरी परतल्यावर मी दोन दिवस या दर्जांचाच अभ्यास केला. जावईबापू म्हणाले, "बाबा, जाऊ द्या ना." पण सेवानियम वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. इतर कंपन्यांचंही काढलं. रॉयल कॅरिबियनमध्ये एका रात्रीला एक गुण, स्वीट म्हणजे मोठी खोली घेतली तर दोन. तीन गुणांना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. सोनं सगळ्यात तळाला! आमच्या सराफाला सांगितलं तर दुकान बंद करील. ७०० गुण म्हणजे आठवड्याच्या १०० सफरी. दरवर्षी एक केली तर मी पिनॅकलला पोचेन तेव्हा वय १६७. प्रिन्सेसमध्ये १५ सफरी किंवा १५० दिवस पुरे केले की माणूस एलिट होतो आणि मग त्याचे कपडे कंपनी फुकट धुऊन देते. हे मी हिला सांगितलं नाही. आठ आकड्यांत जे काम झालं त्यासाठी १५० दिवस हे तिला पटलं नसतं.

आणि मग सापडलं कार्निव्हलचं प्रकरण, ज्याने माझा सगळा राग उतरवला. त्या कंपनीने २०२५ साली जाहीर केलं की २०२६ च्या जूनपासून सफरी आणि रात्री मोजणं बंद. किती पैसे खर्च केले त्यावर दर्जा, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. जुन्या मंडळींनी केवढा गहजब केला! वर्षानुवर्षं निष्ठेने आलो, आता नियम बदलता? मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, हे तर आमचंच! महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर जे सेवेत लागले त्यांची जुनी पेन्शन गेली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये लाखो कर्मचारी रस्त्यावर उतरले. ओहायोचा असो की ओरोसचा, पायरी हिसकावली की माणूस सारखाच बोंबलतो. त्या टोप्यांवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'ची एक पिन सहज मावली असती.

पण उतरायच्या दिवसाचं सांगायचं राहिलंच.

आदल्या रात्री सगळ्यांना सामानाच्या चिठ्ठ्या दिल्या. सामान दाराबाहेर ठेवायचं, सकाळी आपला आकडा पुकारला की उतरायचं. आकडे अर्थात पट्टीप्रमाणे. पण त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, आणि आयुष्यभर तळाच्या बारीक ओळी वाचून पगार घेतलेल्या माणसाच्या नजरेतून ती सुटणार कशी? ज्यांना स्वतःचं सगळं सामान स्वतः उचलून न्यायचं असेल ते सर्वांत आधी उतरू शकतात.

हिने बॅगांकडे पाहिलं. दोनच, चाकांच्या. एस.टी. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घराण्यातली ती. "उचला," ती म्हणाली.

सकाळी पावणेसातला आम्ही फ्लोरिडाच्या भूमीवर होतो. आमच्या पुढे फक्त एक तरुण जोडपं, तेही बहुधा पहिलटकर. लेक येणार होती साडेनऊला. इतक्या लवकर सुटू असं तिलाही वाटलं नव्हतं. मग बाहेर कठड्यावर बॅगा टेकल्या आणि हिने जाताना नेलेला चिवडा काढला. सात दिवस पंचपक्वान्नं खाऊन तो तसाच उरला होता.

नऊच्या सुमाराला टोपी दिसली. मागे हमाल, ढकलगाडीवर पाच बॅगा. आम्हाला पाहून दोघं थबकले. "तुम्ही? इतक्यात?" आम्ही लाउंजमध्ये शांतपणे कॉफी घेत होतो, आमचा नंबर आत्ता लागला, असं ते म्हणाले.

हिने पुडा त्यांच्यापुढे धरला. बाईंनी दोन शेंगदाणे अलगद उचलले. मग ही माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, विचारा ना त्यांना."

"काय?"

"कितवे उतरले ते."