सायप्रसमध्ये फाळणीने शांतता आली, हे खरं नाही

पंतप्रधान मोदी जून 2025 मध्ये सायप्रसला जाऊन आले, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्याचं सार असं: ‘ग्रीक आणि तुर्क तिथे शतकानुशतकं एकमेकांच्या जिवावर उठले होते. 1974 मध्ये तुर्की सैन्याने बेटाचे दोन तुकडे केले, तेव्हा कुठे रक्तपात थांबला. संयुक्त राष्ट्रांनी काही केलं नाही. फाळणी हाच इलाज.’

आधी ते शतकांचं वैर. ऑटोमन सत्ता बेटावर 1571 मध्ये आली. त्यानंतर दोन्ही समाजांची मिश्र गावं शेकड्यांनी होती. चर्चचेही संस्कार करणारे आणि मशिदीचेही, असे लोक होते. त्यांना ‘लिनोबांबाकी’ म्हणत, म्हणजे अर्धं लिनन, अर्धं सुती. वैर खरं पेटलं 1950च्या दशकात. ग्रीसमध्ये विलीन होण्यासाठी एओका संघटनेने 1955 साली ब्रिटिशांविरुद्ध बंदूक उचलली. ब्रिटिशांनी तिच्याविरुद्ध तुर्क सायप्रसवासी पोलिसांत भरले. तुर्कांची घोषणा झाली ‘तक्सिम’, म्हणजे फाळणी. आपल्या जुन्या वाटणीपत्रांत ‘तक्षीम’ असते ना, तोच शब्द.

तुकडे 1974 मध्ये झाले, हेही अर्धवट. डिसेंबर 1963 च्या हिंसाचारात ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच आजची ‘ग्रीन लाइन’. तेव्हा मार बसला तो मुख्यतः तुर्क सायप्रसवासीयांना. हजारो लोक गावं सोडून कोंडलेल्या वस्त्यांत राहिले. ग्रीक बाजूचं हे पाप झाकायचं कारण नाही.

आणि 1974? बेटाच्या स्वातंत्र्याला 1960 च्या करारानुसार तीन जामीनदार होते: ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान. 15 जुलैला अथेन्सच्या लष्करी राजवटीने अध्यक्ष मकारिओस यांना उलथवलं. 20 जुलैला तुर्की सैन्य किनाऱ्यावर उतरलं. तिसरा जामीनदार, ज्याचे बेटावर दोन लष्करी तळ आजही आहेत, तो बघत राहिला. काही दिवसांत बंड कोसळलं, घटनेप्रमाणे सरकार आलं. म्हणजे तुर्की कारवाईचं सांगितलेलं कारण संपलं होतं. तरी 14 ऑगस्टला दुसरा हल्ला झाला आणि बेटाचा सुमारे 37 टक्के भाग तुर्की ताब्यात गेला. जामीनदारच घर लुटायला आले, याला मी शांतता म्हणणार नाही.

मोठी लढाई थांबली, हे मान्य. पण दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी आणि चाळीस हजारांहून अधिक तुर्क सायप्रसवासी घराला मुकले. ऑगस्ट 1996 मध्येही दरिनिया गावाजवळ दोन तरुण मारले गेले. आणि फाळणीच हवी असती, तर 2004 च्या सार्वमतात सुमारे 65 टक्के तुर्क सायप्रसवासीयांनी एकत्र येण्याच्या बाजूने मत दिलं नसतं. ग्रीक बाजूने 76 टक्के नकार आला, हे दुर्दैव.

संयुक्त राष्ट्रांनी ‘काही केलं नाही’ हे वाक्य तर भारतीयाने पुढे पाठवूच नये. आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या त्यांच्या तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख असतानाच, डिसेंबर 1965 मध्ये, सायप्रसमध्ये वारले. 1974 मध्ये प्रमुख होते जनरल प्रेमचंद. लढाई निकोसियाच्या विमानतळाला भिडली तेव्हा शांतिसेनेने तो ताब्यात घेतला आणि दोन्ही फौजांना बाहेर ठेवलं. धावपट्टीजवळ एक जुनं ट्रायडंट विमान तेव्हापासून गंजत उभं आहे.

बेटाच्या वाटणीत ज्यांचा हात होता, त्यांनी आग लावली. ज्यांनी मधली जागा नुसती मोकळी राखली, त्यांनी बेटवाल्यांना काम करू दिलं. निकोसियाच्या ग्रीक आणि तुर्क भागांचे दोन महापौर, लेलोस देमेत्रियादेस आणि मुस्तफा अकिंजी, यांनी 1970च्या दशकाअखेरीस शहराचं सांडपाणी एकाच केंद्रात न्यायचं ठरवलं. पाणी रेघेखालून वाहू लागलं.

त्याच विमानतळाच्या आवारात आज एक प्रयोगशाळा आहे. 1963-64 आणि 1974 मध्ये बेपत्ता झालेले 1,510 ग्रीक आणि 492 तुर्क सायप्रसवासी शोधण्याचं काम तिथे चालतं. लांब टेबलांवर हाडं माणसाच्या आकारात मांडलेली असतात आणि दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ मिळून ती जुळवतात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आहे. बाकीच्यांच्या घरी अजून वाट बघणं चालू आहे.