गाडी शिकून राह्यली

बॅटरी बसली, ती बदलली. झालं ते एवढंच. बसवणाऱ्या पोरानं टर्मिनल आवळता आवळता सांगितलं, "भाऊ, दोन-चार दिवस गाडी जराशी तरास देईन. ईसीएम, म्हंजे इंजिनचा कम्प्युटर, कोरा झाला ना. थे आता पुन्हा शिकन." तलाठ्यासमोर हलवतो तशी मी मान हलवली आणि निघालो.

शिक्षणाला आरंभ झाला दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका फाट्यावर, पानठेल्यासमोर. ब्रेकरसाठी क्लच दाबला, आरपीएमचा काटा खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला आणि इंजिन बंद. मागं यष्टी. तिच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. ठेल्यावरचे एक आबाजी खर्रा घोटायचा थांबवून उठले. धोतर, टोपी, चेहऱ्यावर निव्वळ कर्तव्यभाव. आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोष कोणात जास्त आहे, याचा अंदाज घेत होते.

"पेट्रोल सरलं?"

"नाही आबाजी. पेट्रोल आहे."

"मंग काहून थांबली?"

इथं मी "माहीत नाही" म्हणायला हवं होतं. पण अर्धवट ज्ञान पोटात राहत नाही. म्हटलं, "बॅटरी बदलली. कम्प्युटर शिकलेलं विसरला. आता नव्यानं शिकून राह्यला."

"काय शिकून राह्यला?"

"पेट्रोल पेटवायला ठिणगी केव्हा पाडायची ते."

"अन् आतालोक कशी पाडे?"

"आठवणीत होतं."

आबाजींनी जरा वेळ घेतला. मग विचारलं, "केवढ्याची हाय गाडी?" मी आकडा सांगितला. ते ठेलेवाल्याकडं वळले, "आयकलं का बे? इतक्या लाखाची गाडी, अन् बॅटरी काढली तं तिचं डोकं खाली!"

ठेला हसला. यष्टीतली माणसंही खिडकीतून हसली. त्यांना कशाला हसायचं हेही ठाऊक नव्हतं.

आता खरं सांगायचं तर गाडी सगळं विसरत नाही. किती आरपीएमला, इंजिनावर किती भार असताना, पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, याचा कारखान्यात भरलेला तक्ता बॅटरी काढली तरी जागच्या जागी असतो. ठिणगी आधीच पाडावी लागते, कारण इंधन पुरतं जळायला वेळ लागतो आणि तीन हजार आरपीएमला इंजिनाचा अख्खा फेरा वीस मिलिसेकंदांत उरकतो. पुसलं जातं ते या तक्त्याच्या समासात लिहिलेलं. या इंजिनात, या पेट्रोलवर, इथं दोन अंश मागं ये, तिथं पुढं जायला हरकत नाही, असलं. ते टिपायला इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. ठिणगी फार लवकर पडली तर सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, यालाच नॉक म्हणतात, आणि ब्लॉक सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास थरथरतो. सेन्सरमधल्या स्फटिकाला ते कळतं, कम्प्युटर तडक काही अंश मागं सरतो आणि मग भीत भीत पुन्हा पुढं येत राहतो. आयडलिंगची, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्याची, गत निराळी. थ्रॉटलवर, म्हणजे हवेच्या झडपेवर, काजळी साचलेली असताना किती हवा लागते, याचा जमवलेला हिशोब गेला की काटा डोलायला लागतो. कम्प्युटर ठिणगी मागंपुढं करून तोल सावरू पाहतो. नाही सावरला तर पानठेला.

यातलं थोडंफार मी आबाजींना सांगितलं. त्यांनी ते हातानंच बाजूला सारलं.

"आमच्या जीपले ठिनगी वाटाले डिस्ट्रिबूटर होता. मिस्त्री नट ढिला करे, हातानं जरासा फिरवे, कान लावे, नट कसला का झालं. बॅटरी काढा नाही तं इकून टाका, थे काही इसरत नसे."

त्या डिस्ट्रिबूटरमधले पॉइंट घासले की मिस्त्र्याला तोच उद्योग पुन्हा करावा लागे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण जमाव त्यांचा होता. १९७९ मध्ये बॉशनं मोट्रॉनिक काढून इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच कम्प्युटरच्या हवाली केली, तेव्हापासून मिस्त्र्याच्या कानाचा भाव उतरत गेला. हेही मी गिळलं.

"अन् आपली शकुंतला रेल्वे?" आबाजी आता रंगात आले होते. "१९९४ लोक वाफीवर चालली. यवतमाळहून मूर्तिजापूर. कोयसा टाक, पानी टाक, चालली. थे कधी म्हने का, थांबा, म्या शिकून राह्यली?"

शकुंतलेला उशीर करायला शिकावंच लागत नसे. पण तिच्याविरुद्ध आमच्या भागात बोलायचं नसतं.

"पाह्य बाबू, गोऱ्हा बंडीले जुपला तं पयले बिचकते, मंग शिकते. कबूल. पन शिकलेला बैल ह्या गोठ्यातून सोडून त्या गोठ्यात बांधला, तं बंडी वढाची इसरते का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कंपनीच्या इंजिनिअरकडं तरी असेल का कोण जाणे. मी किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबून धरला, गाडी सुरू झाली. आबाजी खिडकीशी वाकले, "घरी गेल्यावर परीक्षा घेजो तिची."

शिकवायची रीत सोपी आहे म्हणे. इंजिन पुरतं गरम होऊ द्या, एसी बंद ठेवून आयडलिंग, मग एसी लावून, आणि मग वेगवेगळ्या वेगानं, वेगवेगळ्या भारावर मोकळ्या रस्त्यावर चालवा. मोकळा रस्ता! अर्धा खोदलेला, अर्ध्यावर गिट्टी, मधल्या भागात बकऱ्या. कम्प्युटर आरपीएम आणि भाराच्या एकेका चौकटीत शिकतो, म्हणजे जिथं गाडी गेलीच नाही तिथलं तिला येणारच नाही. माझ्या गाडीला दुसरा गिअर तोंडपाठ झाला. पाचव्याचा धडा निघालाच नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष मोजला, त्यात ही चौकट जोडून घ्यायला हवी.

बरं, शिकायचं तरी कोणत्या पेट्रोलवर? पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. त्याचा ऑक्टेन वरचा, नॉक टाळायला ते बरंच, मान्य. पण लिटरमागं त्याच्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज विसावर सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. लिटरचा भाव सहा-सात टक्के घटेल असं मात्र कुठंच लिहिलेलं नाही. कम्प्युटर बिचारा ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून इंधन वाढवतो आणि गप्प राहतो. गाडीनं जुळवून घ्यायचं, मी जुळवून घ्यायचं, आणि विचारायचं कोणालाच नाही. आमच्याकडं कापसाच्या भावातही हीच पद्धत आहे.

शेवटी गाडी परत त्या पोराकडं नेली. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, पडद्यावर काही आकडे पाहिले, स्कॅनर काढला. "झालं भाऊ. शिकली." बिलात ओळ आली: ईसीएम लर्निंग, ५०० रुपये.

म्हटलं, "अरे, शिकवलं मी. पेट्रोल माझं, कंबर माझी, फाट्यावर इज्जत गेली ती माझी. तू काय केलं?"

"शिकवनी तुमचीच हाय भाऊ," तो म्हणाला, "पन रिझल्ट आमी लावला ना."

५०० दिले. जीएसटी वेगळा.